बैठकीतली माझी जागा

देवळीत बाजाराच्या रस्त्यावर माझं शिवणाचं दुकान होतं. अजूनही आहे, पण तेव्हा मी तरुण होतो आणि गिऱ्हाईक जास्त होतं. सगळे मला मास्तर म्हणत. हा शब्द मला फार सोयीचा पडला. भाऊ म्हणावं की बाई, हा प्रश्न लोकांना पडायचा आणि तो त्यांच्या तोंडावर मला दिसायचा. मास्तर म्हटलं की सुटले. म्हाताऱ्या बायासुद्धा पायरीशी येऊन विचारायच्या, "मास्तर, आमच्या पोट्ट्याची पॅन्ट झाली काय?" त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

जन्माला मी मुलगी म्हणून आलो. घर शेतीवाल्यांचं, देवळीपासून पायी तासाभरावर. कपाशी आणि तूर, पुढे सोयाबीन. दहावीनंतर शाळेचा गणवेश सुटला तसा मी भावाच्या जुन्या पॅन्टी वापरायला लागलो. आईला वाटलं, वावरात बरं पडते. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, पॅन्ट काही उतरली नाही. केस मी माझ्याच हातानं कापले. पोट्ट्यावानी पोट्टी म्हणून गाव हसलं, पण त्या हसण्यात राग नव्हता. राग लग्नाच्या वयापर्यंत थांबून होता.

नव्वदीच्या सुरुवातीला मला पाहायला पाहुणे आले. वहिनीनं साडी नेसवून दिली. मुलाच्या मामानं विचारलं, "काय काय येते पोरीले?" मी खरं तेच सांगितलं, "शर्ट-पॅन्ट शिवता येते." पाहुणे अर्धा चहा ठेवून उठले. भाऊ महिनाभर माझ्याशी बोलला नाही. आई मात्र रोज बोलायची आणि रोज एकच विचारायची.

"असं काऊन करून राह्यली तू? कोनं काही केलं काय तुले?"

"कोनं काही नाई केलं."

"मंग?"

मी मुलगा आहे हे मला पाच-सहा वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं, पण ते सांगायचं वाक्य मी कोणाच्याच तोंडून ऐकलेलं नव्हतं. म्हणून मी गप्प बसायचो आणि आई रडायची. शेवटी मी घर सोडलं. पळून गेलो नाही. पिशवी घेतली, आईला सांगितलं आणि भर दुपारी पायी देवळीला आलो.

तिथे एक म्हातारे टेलर होते. फक्त गड्यांचे, म्हणजे पुरुषांचे, कपडे शिवत. त्यांची नजर उतरली होती, काजं करायला आणि बटणं लावायला हात हवा होता. माझ्याकडून ते आधीच थोडंफार काम करून घ्यायचे. आता मला त्यांनी दुकानामागची खोली दिली. मी कोण आहे हे त्यांनी कधीच विचारलं नाही. कॉलर वाकडी झाली की मात्र सगळ्यांसमोर उसवायला लावायचे. पुढे ते मुलाकडे यवतमाळला गेले आणि दुकान माझ्यावर सोपवलं. मी स्वतःसाठी जाड मांजरपाटाच्या घट्ट बंड्या शिवल्या, छाती दाबून धरणाऱ्या. उन्हाळ्यात त्या बंडीखाली घामोळ्यांनी अंग पेटून जायचं. पण ती काढून मशीनवर बसावं असं एकदाही वाटलं नाही.

कटिंग आधी वर्तमानपत्राच्या रद्दीवर करून बघायची, ही म्हाताऱ्या टेलरांची सवय मी ठेवली होती. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट असेल. बाहीचा आकार कापताना एका कागदावर मजकूर दिसला: नागपुरात काही माणसं महिन्यातून एकदा भेटतात, समाजानं वेगळं मानलेली माणसं, ज्यांना यायचं त्यांनी पत्र लिहावं. खाली पोस्टाचा बॉक्स नंबर होता. वेगळं म्हणजे काय ते नीट लिहिलेलं नव्हतं. मी तो तुकडा कापून ठेवला आणि बाही दुसऱ्या कागदावर आखली.

पत्र लिहायला मला आठ दिवस लागले. मराठीत दोन वाक्यं लिहिली की आपण कोण ते क्रियापद सांगून टाकतं. राहतो लिहू की राहते? खरं लिहावं तर भेटल्यावर म्हणतील, खोटं लिहिलं. लोकांच्या मताचं लिहावं तर माझा हात चालेना. शेवटी मी असं लिहिलं: "माझं वय एकतीस. माझं राहणं देवळीला. माझं काम शिवणाचं. बैठकीला येण्याची इच्छा आहे." खाली नुसतं आडनाव. वीस दिवसांनी उत्तर आलं. पहिलाच शब्द होता 'मित्रा'. तो कागद मी किती वेळा वाचला ते सांगायला लाज वाटते.

बैठक नागपुरात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत होती. वर्ध्याला गाडी बदलून पोचेपर्यंत बारा वाजले. दारात उभा राहिलो तर आत दहा-बारा पुरुष खुर्च्यांवर बसलेले. एकजण उठून आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं स्वच्छ. नंतर कळलं की तो वर्ध्याचाच, बँकेत नोकरीला, बायको-मुलं असलेला. नागपुरात ओळखीचं कोणी भेटत नाही म्हणून इथवर येतो. सगळे त्याला दादा म्हणत.

"तुम्ही कोणाबरोबर आलात?" त्यानं विचारलं.

"एकटाच आलो. तुमचं पत्र आलं होतं मला."

माझा आवाज ऐकून त्यानं माझ्या हातातलं पत्र घेतलं, वाचलं, मग माझ्याकडे पुन्हा पाहिलं. "देवळीचे शिवणकामवाले तुम्हीच? आम्हाला वाटलं..." आतल्यांपैकी कोणी तरी हळूच म्हटलं, "लेडीज आहे." दुसरा म्हणाला, "म्हणजे लेस्बियन." तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्याचा अर्थ मला समजावून सांगितला गेला. मी म्हणालो, "नाही, मी बाई नाही." ती माणसं वाईट नव्हती. त्यांना फक्त कळत नव्हतं, आणि न कळणारं माणूस दारात उभं होतं.

दाराशी भिंतीला टेकून, खाली जमिनीवर, एक तृतीयपंथी बसल्या होत्या. पन्नाशीच्या, जाड अंगाच्या, पिवळ्या सुती साडीत. खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या तरी त्या खालीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्याले आधी बसू तर द्या. दोन घंटे गाडीत उभा राहून आला असन तो."

त्याले. तो. माझ्या आयुष्यात कोणी न सांगता मला असं म्हटलं ते पहिल्यांदा. मी जाऊन त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसलो.

त्या दिवशी तीन तास बोलणं झालं. घरच्यांनी जबरदस्तीनं लावलेली लग्नं, पत्रं सापडण्याची भीती, बागेत पोलीस धरतात ती भीती. एकजण बोलता बोलता रडला तर बाकीच्यांनी त्याला पाणी दिलं. मला ते सगळं समजत होतं. समजत होतं आणि तरी ते माझं नव्हतं. त्यांना लपावं लागतं ही त्यांची तक्रार होती. मी लपू शकत नव्हतो, आणि माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना तर लपण्याचा प्रश्नच कधी आला नव्हता.

परतीच्या गाडीत आम्ही दोघं बरोबर होतो. त्या वर्ध्याच्या. गाडी गच्च भरलेली, पण त्यांच्या शेजारची जागा रिकामी. मी बसलो. त्यांनी विचारलं, "काय काम करतं बेटा?"

"टेलर आहे. गड्यांचे कपडे."

"बिलाऊज येते?"

"शिवला नाही कधी."

"शिक ना मंग. वर्ध्यातला एक टेलर आमचं माप नाई घेत. जुनं बिलाऊज दे म्हणते, त्याच्यावरून शिवतो म्हणते. अंगाले हात लावाले घाबरते."

मी त्यांना मौसी म्हणायला लागलो ते त्या दिवसापासून.

वर्ध्याच्या एका टोकाला मौसींचं घर होतं. दोन खोल्या, त्यांच्या चार चेल्या, अंगणात तुळस आणि एक शेळी. महिन्या-दीड महिन्यानं मी जायचो, मापं घ्यायचो, आठवड्यानं कपडे पोचवायचो. पहिला ब्लाउज मी इतका वाईट शिवला की मौसी हसून हसून खोकायला लागल्या. तरी तो त्यांनी घातला. चेल्या मात्र माझी थट्टा करायच्या. "आम्ही सारं सोडून बाई झालो," एक म्हणाली, "आन् तुले आयतं भेटलं ते तू फेकून राह्यला." ती हसत होती, पण मला ते लागलं. तिथेही मी पाहुणाच होतो. मौसींच्या वरच्या गुरू एकदा नागपूरहून आल्या आणि मला पाहून म्हणाल्या की असलं आमच्यात नसतं, याला घरात जास्त बसवू नको. मौसी त्यांच्यासमोर काही बोलल्या नाहीत. त्या गेल्यावर मला म्हणाल्या, "मनावर घेऊ नको. त्यायले जेवढं शिकवलं तेवढंच त्या बोलते."

त्या वर्षांत एड्सच्या कामाचा प्रकल्प आला आणि बैठकीतल्या लोकांना एक कार्यालय मिळालं. खुर्च्या आल्या, कपाट आलं, फॉर्म आले. फॉर्मवर माणसांचे प्रकार होते. मौसींना आणि त्यांच्या चेल्यांना 'पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष' या रकान्यात घातलं. मौसींना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"पुरुष?" त्या म्हणाल्या.

"हो मौसी. तसंच छापलं आहे."

"चाळीस वर्सं झाले मले लुगडं नेसून. आन् दवाखान्याच्या गोळ्या पाहिजे तं परत पुरुष व्हाचं काय?"

त्यांनी अंगठा दिला. गोळ्या पाहिजे होत्या, दोघी चेल्या आजारी होत्या. माझ्यासाठी मात्र त्या फॉर्मवर रकानाच नव्हता. दादा फार नम्रपणे म्हणाला, "तुम्ही या ना बैठकीला, चहापाण्याला या. फक्त रजिस्टरमध्ये नाव नाही घेता येणार. हा निधी बायकांसाठी नाही." मी बाई नाही हे मी त्याला तोवर चारदा सांगितलं होतं. पाचव्यांदा सांगितलं नाही.

एकदा मी आणि मौसी वर्ध्याच्या मुख्य रस्त्यानं चाललो होतो. समोरून दादा आला, बरोबर बायको आणि हातात भाजीची पिशवी. आधल्याच रविवारी त्यानं मौसींच्या घरी बसून दोन भाकरी खाल्ल्या होत्या. आम्हाला पाहिलं आणि तो भांड्यांच्या दुकानाकडे वळला, पातेली बघू लागला. आम्ही पुढे गेलो. मला राग आला होता. मौसींना नव्हता.

"त्याले घर हाये, नोकरी हाये," त्या म्हणाल्या. "आपल्याजवळ लपवाले काय हाये?"

"म्हणून ओळख द्यायची नाही?"

"देईन कधी. नाई देल्ली तं नाई." थोडं चालल्यावर त्या थांबल्या, गुडघ्यावर हात ठेवला. "थकाले होते बेटा, दरवेळा रागावाले."

मधल्या काळात मला पुण्याच्या एका शिबिराचं बोलावणं आलं. तिथे सगळ्या बाया होत्या, बायांवर प्रेम करणाऱ्या. वर्ध्याहून रात्रभर रेल्वेनं गेलो. दोन दिवस त्यांनी मला प्रेमानं वागवलं. मी माझी गोष्ट सांगितली. एकीवर माझा जीव होता, ती शाळेत शिकवायची, तिचं लग्न आर्वीला झालं, लग्नातली नवऱ्याची सफारी मीच शिवली, हेही सांगितलं. दोघी-तिघींचे डोळे भरले. मग एक शिकलेल्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला पुरुष व्हावंसं वाटतं, कारण आपल्या समाजात बाईला किंमत नाही. तुम्ही स्वतःतल्या बाईवर प्रेम करायला शिका." मी म्हणालो, "आमच्या घरी गड्यांनाही फार किंमत नव्हती, बाई." काही जणी हसल्या. त्या बाई हसल्या नाहीत. पुढच्या वर्षी मला पत्र आलं नाही.

मग दिल्लीच्या हायकोर्टाचा निकाल आला. तीनशे सत्त्याहत्तर कलमाखाली आता आपखुशीनं एकत्र आलेल्या दोन मोठ्या माणसांना पकडता येणार नाही, असा. नागपुरात आनंदाची सभा ठरली. मौसींना दादाचा फोन आला: सगळ्यांना घेऊन या, टीव्हीवाले येणार आहेत. मी दुकान बंद ठेवलं.

सभा एका चौकाजवळच्या मैदानात होती. पन्नासेक माणसं असतील. पुष्कळ पुरुषांनी पुठ्ठ्याचे मुखवटे लावले होते, दादानंही. मी त्याला त्याच्या चपलांवरून ओळखलं. पेढे वाटले जात होते. मौसी आणि चेल्यांना सगळ्यात पुढे उभं केलं, कारण त्यांच्या तोंडाला मुखवटा नव्हता आणि कॅमेऱ्याला तोंडं हवी होती.

"मौसी, थोडं नाचा ना," दादा म्हणाला. "आनंदाचा दिवस आहे."

"गुडघे दुखून राह्यले."

"दोनच मिनिटं. ते ढोलवाले आलेच आहेत."

त्या नाचल्या. साठीला टेकलेल्या, साखरेच्या आजारानं पाय सुजलेले, तरी दोन फेऱ्या घेतल्या. मग खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "पानी दे." मी बाटली दिली. टीव्हीची मुलगी आमच्याकडे वळली आणि मौसींना तिनं विचारलं, "कलम गेलं, आता तुम्हाला कसं वाटतं?"

मौसी पाणी पिऊन म्हणाल्या, "चांगलं झालं. माह्या भावायचं भलं झालं. पन मले पोलिसानं कधी कलम सांगून मारलं नाई, बाई. तो तं पायताच मारते."

ते रात्रीच्या बातम्यांत दाखवलं नाही. नाच दाखवला.

त्याच दुपारी दादा माझ्याकडे आला. मुखवटा कपाळावर सरकवलेला. "मास्तर, एक काम करा. बायकांच्या बाजूनं कोणी बोलायला नाही. तुम्ही लेस्बियन म्हणून दोन वाक्यं बोला."

"मी ते नाही, दादा."

"मला माहीत आहे. पण आजच्या दिवस गुंता नको. लोकांना इतकं सगळं एकदम समजत नाही."

त्याच्या कपाळावर मुखवट्याच्या रबराचा वळ उठला होता. तोही घाबरलेलाच होता, हे मला दिसत होतं. त्याला जे मिळालं ते खरंच मोठं होतं, तो कितीतरी वर्षं थांबला होता. मला त्याच्याशी भांडायचं नव्हतं. मी म्हणालो, "मला चारची गाडी पकडायची आहे." आणि मौसींना हात देऊन उठवलं.

त्याच हिवाळ्यात मौसींच्या पायाची जखम चिघळली. चेल्यांनी हळद लावली, मग कुठला तरी मलम, आणि ताप चढल्यावर मला फोन केला. मी ऑटो करून त्यांना वर्ध्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या माणसानं कागद पुढे ओढला.

"पेशंट पुरुष की स्त्री?"

मी मौसींकडे पाहिलं. तापानं त्यांचे डोळे मिटत होते. "स्त्री," मी म्हणालो.

त्यानं खिडकीतून वाकून बघितलं. "असं कसं लिहू? वॉर्ड कोणता देऊ मग?" आतून दुसऱ्याला विचारून आला. पुरुषांच्या वॉर्डात पाठवलं तर तिथले पेशंट बोंबलतील, बायांच्या वॉर्डात पाठवलं तर बाया. शेवटी त्यानं ती जागा रिकामी ठेवली आणि पुढे सरकला.

"सोबत कोण? नातं काय?"

"मुलगा," मी म्हणालो.

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज, माझा चेहरा, शर्टाचा खिसा. मला वाटलं आता इथेही थांबेल. पण मागे रांग मोठी होती आणि तोही थकलेला असेल. त्यानं लिहिलं: मुलगा. मी सही केली.

दोन्ही वॉर्डांच्या मधल्या व्हरांड्यात मौसींची खाट टाकली. येणारा-जाणारा बघून जायचा. पोरं दाखवायला आणली जायची. मी पडद्यासाठी दुकानातून अस्तराचं कापड आणून दोरीवर बांधलं. डॉक्टर नीट बघत होते, औषध वेळेवर मिळत होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण व्हरांड्यात थंडी फार होती, आणि संडासाला न्यायचं म्हटलं की कोणत्या, हा प्रश्न दर वेळी होता.

दुसऱ्या दिवशी बायांच्या वॉर्डातून एक म्हातारी बाहेर आली. कारंजाकडच्या कुठल्या तरी गावची शेतकरीण, तिची सून आत भरती होती. तिनं पडदा बाजूला करून मौसींकडे पाहिलं.

"काऊन इथं टाकलं यायले?"

"आत जागा देत नाही, आजी," मी म्हणालो.

"आमच्या बाजूची खाट तं कालपासून रिकामी हाये." ती सरळ नर्सकडे गेली. काय बोलली ते मला सगळं ऐकू आलं नाही. एवढं ऐकू आलं, "लगनात, बारशात आशीर्वाद घ्याले चालते, आन् थंडीत कुडकुडताना नाई चालत काय?" नर्स आधी नाही म्हणाली, मग आतल्या बायांना विचारून आली. एका बाईनं तोंड फिरवलं. बाकीच्यांनी काही म्हटलं नाही. अर्ध्या तासात मौसींची खाट आत गेली.

मी उशाशी बसलो. बरं वाटत होतं. संध्याकाळी सहा वाजता नर्स फेरीला आली आणि माझ्याजवळ थांबली.

"सहानंतर पुरुषांना इथं थांबता येत नाही. बाहेर जा."

क्षणभर मला वाटलं, ती दुसऱ्या कोणाला बोलते आहे. मग तिनं कागदावर बोट ठेवलं. "मुलगा ना तुम्ही? चला, बाहेर. रात्री आम्ही आहोत." मौसी तापातही हसल्या. "जाय," म्हणाल्या, "तुले जे पाहिजे होतं ते भेटलं. आता बस थंडीत."

बाहेर पायऱ्यांवर आतल्या बायांचे नवरे, भाऊ, मुलगे बसले होते. मी गेलो तसं एकानं सरकून घोंगड्याचं टोक माझ्याकडे केलं. "कोन हाये अंदर?" त्यानं विचारलं. "आई," मी म्हणालो. त्यानं मान हलवली आणि त्याच्या बायकोच्या पोटातल्या गोळ्याबद्दल सांगायला लागला. मी ऐकत होतो. नऊ दिवस मी त्यांच्यात बसलो. कोणी मला काही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी दादा आला. मुखवटा नाही, बँकेतून सरळ, दुपारच्या सुट्टीत. वॉर्डाच्या दारात बराच वेळ उभा राहिला. आत कोण ओळखीचं आहे का ते बघत असावा. मग आत गेला, मौसींच्या खाटेवर बसला, पायाकडे. त्यांचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. बाहेर येऊन तो मला म्हणाला, "औषधाची चिठ्ठी द्या, मी आणतो." आणून दिली. जाताना म्हणाला, "मास्तर, त्या दिवशी मैदानात मी तुम्हाला जे म्हणालो..." मी म्हणालो, "राहू द्या." माफ केलं असं नाही. बोलायला जीव नव्हता.

मौसी पायाची दोन बोटं गमावून घरी आल्या. पुढे वर्षभर जगल्या. खाटेवर बसून चेल्यांना शिव्या द्यायच्या, मला ब्लाउजच्या बाह्यांवरून बोलायच्या. गेल्या त्या एका सकाळी, झोपेतच. चेल्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणे सगळं केलं आणि मला फोन केला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. मी त्यांच्या घरातला नव्हतो, त्यांच्यात मला धरत नव्हते, तेव्हा त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. मी दुकानात ज्या पॅन्टची शिलाई घालत होतो ती पुरी केली. मग शटर ओढून आत बसलो.

नागपूरच्या बैठकीचं बोलावणं अजून येतं. आता मोबाइलवर येतं. नवी पोरं आहेत, शिकलेली, धीट. माझ्यासारखी एक-दोनही दिसतात, दाढी राखलेली. त्यांच्याकडे आपल्यासाठी शब्द आहेत आणि ते भराभर बोलतात. त्यांना वाटतं, मी सुरुवातीपासून आहे म्हणजे मी खूप काही सांगेन. मी दोन-तीन वर्षांतून एकदा जातो. खुर्ची देतात, बसतो, ऐकतो. कोणी विचारलं तर मौसींबद्दल सांगतो, थोडंच. मग गाडीची वेळ होते.